सुझानची सूनी

मुळशीत 'टाटा' म्हटलं की धरण. बाकीच्या महाराष्ट्राला मीठ आठवत असेल, ट्रक आठवत असेल, मुंबईचं हॉटेल किंवा हॉस्पिटल आठवत असेल. आमच्या तालुक्यात धरण. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं आम्ही शाळेत शिकण्याच्या आधीच घरात ऐकली होती. आमचं कोळवण खोरं पाण्याखाली गेलं नाही, पण बुडालेल्या गावांच्या लेकी इकडे सुना म्हणून आलेल्या होत्या. त्या म्हाताऱ्या 'टाटा' हा शब्द ज्या स्वरात उच्चारायच्या तो अजून माझ्या कानात आहे.

असो. आजचा विषय धरण नाही. त्याच टाटांच्या घरात, धरणाच्या वीसेक वर्षं आधी, एक फ्रेंच मुलगी सून म्हणून आली आणि तिचं नाव बदललं. आज लिहायचंय ते तिच्या बदललेल्या नावाविषयी. गेले दोन महिने मी त्याच्या मागे आहे. का, ते पुढे येईलच.

मुलीचं नाव सुझान ब्रिएर. राहणार पॅरिस. नवरा रतनजी दादाभाई टाटा, जमशेटजींच्या नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. व्यापारासाठी त्यांचं फ्रान्सला जाणं-येणं असे. पहिली बायको वारलेली, वय चाळिशीच्या पुढे. १९०२ साली पॅरिसमध्ये त्यांचं लग्न झालं. मुलगी विशीतली. पुढे मुंबईत तिची नवजोत झाली, म्हणजे पारशी धर्मात रीतसर प्रवेश झाला, सदरा-कुस्ती घातली गेली, आणि सुझानची 'सूनी' झाली. सूनी म्हणजे सोन्याची, सोनेरी. गुजरातीतलं सोनुं आणि आपलं सोनं, एकच धातू! मराठी कानाला मात्र त्यात आधी 'सून' ऐकू येते, आणि मग 'सुनं सुनं'. हा आपल्या कानाचा दोष, नावाचा नाही.

हे जे. आर. डी. टाटांचे आई-वडील. जे.आर.डी.ंचा जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४. घरात बोलणं फ्रेंच, आणि १९२९ पर्यंत ते कागदोपत्री फ्रेंच नागरिकच होते. आर. एम. लाला यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र १९९२ साली आलं, त्यात या आईबद्दल पुष्कळ आहे. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणूनही सूनी टाटांचं नाव घेतलं जातं, साल सांगतात १९०५. मला मात्र मोटारीपेक्षा नावातच जास्त रस वाटला.

माझा समज असा होता की सुझान म्हणजे काहीतरी विलायती, गुळगुळीत, अर्थ नसलेलं नाव. आपल्याकडे हल्ली पिंकी, स्वीटी ठेवतात तसं. शोधायला बसले तर धागा निघाला थेट नाईल नदीपर्यंत!

प्राचीन इजिप्तच्या भाषेत पाण्यात उगवणाऱ्या कमळाला 'सेशेन' म्हणत. (त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे नेमका उच्चार पंडितांनी बांधलेला आहे.) तिथल्या देवळांच्या खांबांवर, थडग्यांतल्या चित्रांत, बायकांच्या हातात जे फूल दिसतं ते हेच. आता मास्तरीणबाईंची सवय म्हणून सांगते, ते आपलं कमळ नव्हे. आपल्या कमळाचं पान पाण्याच्या वर देठावर उभं राहतं. इजिप्तच्या त्या फुलाचं पान पाण्यावर पसरून तरंगतं. म्हणजे ते आपल्याकडच्या कुमुदाच्या जातीचं. लक्ष्मीच्या हातातलं नाही, चंद्राच्या वाट्याचं.

हा शब्द हिब्रूत गेला, तिथे झाला 'शोशान' आणि 'शोशाना'. अर्थ जरा सरकला, पाण्यातलं फूल जमिनीवर आलं आणि लिली झालं. ग्रीकांनी त्याचं 'सुसान्ना' केलं, कारण ग्रीकांच्या तोंडाला 'श' नाही. लॅटिननेही तेच उचललं. फ्रेंचांनी मधल्या 'स'चा 'झ' केला आणि शेवटचा स्वर गिळला. सुझान. फ्रेंच माणूस म्हणतो ते खरं तर 'स्यूझान'च्या जवळ जातं, ओठांचा चंबू करून. लाडाने सुझों, सुझेत. गंमत अशी की आपल्या मराठी बायबलमध्ये लिलीसाठी जुना शब्द आहे तो 'भुकमळ'. जमिनीवर आलेल्या फुलाला मराठी भाषांतरकारांनी पुन्हा कमळच म्हटलं. त्यांना इजिप्तचा सेशेन ठाऊक असेल असं मला वाटत नाही, पण भाषा कधी कधी अशी आपोआप घरी येते.

आणखी एक फांदी पूर्वेकडे गेली. फारसीत 'सूसन', अरबीत 'सौसन'. अरबांबरोबर ते स्पेन-पोर्तुगालला पोचलं आणि पोर्तुगीजमध्ये लिलीला 'असुसेना' म्हणू लागले. फारसी कवींनी या फुलाला एक कायमचं विशेषण दिलं आहे, दहा जिभांचं. पाकळ्या जिभांसारख्या लांबट, म्हणून दहा जिभा. आणि इतक्या जिभा असून मुकं! हा संकेत पुढे उर्दूतही आला.

आता मला खरी मजा वाटली ती इथे. पारशांचे पूर्वज इराणचे. त्यांच्या जुन्या धर्मग्रंथांत 'बुंदहिश्न' नावाचा एक ग्रंथ आहे. त्यात कोणतं फूल कोणत्या देवतेचं याची यादी दिलेली आहे, आपल्याकडे शंकराला बेल आणि गणपतीला दूर्वा तसं. त्या यादीत सूसन हे फूल आहे खोरदादचं. आणि खोरदाद म्हणजे पाण्याची देवता. म्हणजे पॅरिसहून आलेली ही मुलगी जे नाव घेऊन आली होती, ते तिच्या सासरच्या ग्रंथात आधीपासून होतं, तेही देवतेच्या फुलाचं. सुझानची सूसन केली असती तर एक अक्षर बदलून काम झालं असतं! पण कुणी एवढं खोलात गेलं नसावं. लग्नघरात व्युत्पत्ती कोण बघतो?

नावाला नुसता अर्थ असून भागत नाही, गोष्टही लागते. युरोपात हे नाव पसरलं ते एका गोष्टीमुळे. बायबलच्या दानिएलच्या ग्रंथात (कॅथलिकांच्या प्रतीत तो तेरावा अध्याय, प्रॉटेस्टंट मंडळी तो मूळ ग्रंथाबाहेरचा मानतात) सुसान्नाची कथा येते. बॅबिलोनमधल्या एका मोठ्या ज्यू घरातली ही सून. बागेत स्नानाला उतरलेली असताना दोन वयस्क पंच लपून बसतात आणि तिला धमकी देतात, आमचं ऐक, नाहीतर तू परपुरुषाबरोबर होतीस अशी साक्ष आम्ही देऊ. ती नकार देते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ते दोघे साक्ष देतात आणि पंचांच्या शब्दावर तिला मरणाची शिक्षा होते. तिला कुणी काही विचारतच नाही. ती देवाला हाक मारते तेवढीच. मग दानिएल नावाचा एक तरुण पोरगा उभा राहतो आणि म्हणतो, या दोघांना वेगवेगळं करा. एकेकाला विचारतो, कोणत्या झाडाखाली पाहिलंत? एक सांगतो मस्तकीचं झाड, दुसरा सांगतो ओक. खोटं उघडं पडतं.

वर्गात भांडणं सोडवताना मी हीच युक्ती तीस वर्षं वापरली, तेव्हा ती इतकी जुनी आहे हे ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट युरोपला फार आवडली. नवव्या शतकातल्या लोथार राजाचा एक स्फटिक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यावर सुसान्नाची अख्खी कथा बारीक चित्रांत कोरलेली आहे. चित्रकारांना मात्र त्यातलं स्नानच तेवढं आवडलं, न्याय नाही. शेकड्यांनी चित्रं निघाली, 'सुसान्ना आणि म्हातारे'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये एक गरीब मुलगी मोठमोठ्या वयस्क चित्रकारांसमोर बसायची, तिचं खरं नाव मारी-क्लेमांतीन. तुलूझ-लोत्रेकने थट्टेत तिला सुझान म्हटलं, म्हाताऱ्यांनी घेरलेली म्हणून. तिने ते नाव घेतलं आणि स्वतःच चित्रं काढून त्यावर तीच सही केली. सुझान व्हालादों. चित्रांच्या इतिहासात ती या नावानेच राहिली. आणि त्याआधी बोमार्शेच्या 'फिगारोचं लग्न' या १७८४ साली रंगमंचावर आलेल्या नाटकात नवरी सुझानच आहे. मालकाचा डोळा तिच्यावर, आणि ती आपल्या अकलेने त्याला नामोहरम करते. म्हणजे फ्रान्समध्ये हे नाव ऐकताना माणसाच्या मनात नुसतं फूल येत नाही. खोट्या साक्षीपुढे न वाकणारी बाईही येते.

रोमची एक संत सुसान्नाही आहे, तिचा दिवस ११ ऑगस्ट. त्याचाही उपयोग झाला, कारण फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने मुलांना नाव ठेवायचं ते पंचांगातल्या संतांचं किंवा प्राचीन इतिहासातलं, असा नियम होता. तो थेट १९९३ साली सुटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गल्लोगल्ली सुझान होत्या. टेनिस खेळणारी सुझान लाँगलेन त्यातलीच, जन्म १८९९. मग ते आजीचं नाव झालं, आणि आता पुन्हा नातींना ठेवू लागले आहेत. आपल्याकडे रमा, यमुना परत येताहेत तसंच.

आता पुन्हा मुंबईला येऊ. सूनी टाटांचं नाव बदललं, धर्म बदलला, देश बदलला. पुढे काय झालं?

पुढे कोर्ट झालं. बाहेरून धर्मात आलेल्या माणसाला पारशी म्हणायचं का, त्याला अग्यारीत जाता येईल का, मेल्यावर दखम्यात जागा मिळेल का, यावरून समाजात मोठा वाद पेटला. १९०६ साली सर दिनशा पेटिट आणि इतरांनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. दावा लावणाऱ्यांत रतनजी दादाभाई टाटाही होते. समोर पारशी पंचायतीचे विश्वस्त, सर जमशेटजी जीजीभाई वगैरे. न्यायमूर्ती दोन, दिनशा दावर आणि बीमन. निकाल लागला २७ नोव्हेंबर १९०८ रोजी.

दावर हे नाव ओळखीचं वाटलं ना? वाटायलाच हवं. हेच ते न्यायमूर्ती, ज्यांनी त्याच वर्षी, २२ जुलै १९०८ ला, लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, टिळकांचा खटला तर दरवर्षी, पण त्याच न्यायमूर्तींनी चार महिन्यांनी एका फ्रेंच बाईच्या नशिबाचाही निकाल दिला हे कुठल्या क्रमिक पुस्तकात नव्हतं.

निकालाचं सार थोडक्यात असं. जरथुष्ट्राचा धर्म परक्याला आत घ्यायला नाही म्हणत नाही. पण 'पारशी' हा शब्द नुसता धर्माचा नाही, तो कुळाचा आहे, जवळजवळ जातीसारखा. इराणहून आलेल्यांचे वंशज, आणि पारशी बापाची मुलं, एवढेच त्या निधीचे, अग्यारींचे, दखम्यांचे हक्कदार. धर्मात आलेली परकी बायको त्यात बसत नाही. म्हणजे सूनीची मुलं पारशी, सूनी नाही! जहांगीरला दार उघडं आणि त्याच्या आईला बंद.

सगळं बदलून झाल्यावर हे उत्तर.

मी कायद्याची जाणकार नाही. त्या समाजाची लहान संख्या, त्यांची भीती, ट्रस्टच्या मोठ्या इस्टेटी, हे सगळं मला समजतं. दुसऱ्याच्या घरचा न्याय करायला मी बसलेली नाही. पण नावाच्या बाजूने पाहिलं तर मला एक स्पष्ट दिसलं. नाव बदलून माणूस आपला होत नाही. ज्यांना आपलं म्हणायचं होतं त्यांना ती सुझान असतानाही आपलीच होती, आणि ज्यांना म्हणायचं नव्हतं त्यांना सूनी झाल्यावरही नव्हती.

आणखी दोन गोष्टी सांगते, मग आपल्याकडे वळते. या दाव्यात पुढे असलेले सर दिनशा पेटिट, त्यांच्या मुलीने, रत्तनबाईने, १९१८ साली जीनांशी लग्न केलं. धर्म बदलला, नाव मरियम झालं. बापाने संबंध तोडले. जग मात्र तिला अजून रत्तीच म्हणतं. आणि सूनीची थोरली मुलगी सिला पुढे त्याच पेटिटांच्या घरात सून म्हणून गेली. दुसऱ्या मुलीचं नाव रोदाबे. हे नाव 'शाहनाम्या'तलं आहे. रुदाबे म्हणजे रुस्तुमची आई. झाल तिच्यावर भाळतो, पण ती काबूलची, शत्रूच्या, झोहाकच्या कुळातली, म्हणून झालचा बाप आणि इराणचा राजा दोघेही आधी लग्नाला नाही म्हणतात. शेवटी मानतात, आणि तिच्या पोटी इराणचा सगळ्यात मोठा वीर जन्मतो. मुलीचं हे नाव आई-बापांनी काय विचाराने ठेवलं हे कुणास ठाऊक, पण ठेवलं बरं!

सूनी टाटा १९२३ साली फ्रान्समध्ये वारल्या. त्या वर्षी इकडे मुळशीचा सत्याग्रह चालूच होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मी उगाच जोडणार नाही. फक्त सनावळी मांडताना त्या एका ओळीत आल्या.

आता आपल्या घरात बघू.

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायची पद्धत आहे. हल्ली फोटोसाठी करतात, पूर्वी ते खरंच असायचं. मुलगी एका नावाने मांडवात यायची आणि दुसऱ्या नावाने बाहेर पडायची. यमुना कुर्लेकरची रमाबाई रानडे झाली. दुसरी एक यमुना, कल्याणची, ती झाली आनंदीबाई जोशी, डॉक्टर. गोदूची आनंदी झाली धोंडो केशव कर्व्यांच्या घरी, म्हणजे बाया कर्वे. मनू गोखलेची लक्ष्मीबाई टिळक. मणिकर्णिका तांबेची झाशीची राणी लक्ष्मीबाई. ही पाच नावं आपल्याला माहीत आहेत कारण कुणी चरित्रं लिहिली, कुणी स्वतः लिहिलं. बाकीच्या यमुना कुठे गेल्या?

परक्या बायकांनाही आपण सोडलं नाही. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. आधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिला हिंदू धर्मात घेतलं, आणि नाव ठेवलं शर्मिष्ठा. महाभारत वाचलेल्यांना आठवेल, शर्मिष्ठा ही ययातीची लग्नाची राणी नव्हे, देवयानीमागून आलेली. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. उलट उदाहरणही आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा 'मेरी रमा' असं नाव मिळालं. पण केडगावला मुक्ती मिशन चालवलं ते पंडिता रमाबाई म्हणूनच. मेरी कुणाला आठवत नाही.

सिनेमातही हेच. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्सची सुलोचना झाली. आणि सुझानचीच इंग्रजी बहीण म्हणावी अशी एक सुसान आपल्या मराठी मुलखातली होती, सुसान सॉलोमन, कोकणातून मुंबईला गेलेल्या बेने इस्रायल समाजाची, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत असू. मूकपटांत आणि सुरुवातीच्या बोलपटांत ती 'फिरोजा बेगम' म्हणून गाजली. शोशाना हा शब्द ज्या हिब्रूतला, तीच ज्यांच्या प्रार्थनेची भाषा, त्या समाजातल्या मुलीला पडद्यावर तेच नाव झाकावं लागलं!

हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. मी ज्या शाळेत होते तिथे ऑफिसात जनरल रजिस्टर असायचं. लांबरुंद, कापडी बांधणीचं. मुलीचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव. मी निवृत्त झाले तरी बायका अजून घरी येतात, बाई, माझा दाखला काढून द्याल का, म्हणून. कशासाठी? आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा तर रांग लागली. पण त्याहून गंभीर प्रकरण जमिनीचं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आपल्या खोऱ्यात पुणं जवळ आल्यापासून गुंठ्याचे भाव काय झालेत ते तुम्ही जाणता. वारस म्हणून नाव लावायला मुलगी तलाठ्याकडे जाते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो, ती ही तूच कशावरून? मग प्रतिज्ञापत्र करायचं, की लग्नापूर्वीची अमुक आणि लग्नानंतरची तमुक ही एकच व्यक्ती आहे. मी अशी कितीतरी वाचून दिलीत. एका बाईने मला विचारलं होतं, "बाई, यात पहिली खरी का दुसरी?" मी तिला म्हटलं, "दोन्हींवर सही कर."

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. याच मुळशीत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी केलं. प्वातव्हँ जन्माने फ्रेंच, पुढे भारताचे नागरिक झाले. लाखावर ओव्या जमल्या, आणि ओवी कुणाची, तर गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलेलं. ज्या बायकांना घरात 'अगं' आणि 'अमक्याची आई' यापलीकडे हाक नव्हती, त्यांची नावं एका फ्रेंच माणसाच्या वहीत नीट राहिली.

आता मी या नावाच्या मागे का लागले ते सांगते. नातेवाइकांना ठाऊकच आहे. आमच्या पुतण्याचं लग्न ठरलं आहे, मुलगी फ्रान्सची, आणि तिचं नाव सुझान. पणजीचं नाव तिला ठेवलेलं. लग्नाचे विधी कोळवणला करायचे ठरलंय आणि घरातल्या वडीलधाऱ्यांत एक विषय निघाला, ताटात कोणतं नाव लिहायचं? 'स'वरून यादी झाली. सुजाता, सुनयना, सुहासिनी. एकाने पत्रिकेवरून अक्षर काढू म्हटलं, तर तिच्या जन्माची वेळ कुणालाच माहीत नाही. फोनवर तिला विचारलं तेव्हा ती हसली म्हणे, आणि म्हणाली, आमच्याकडे बदलता येत नाही.

ते खरं आहे. राज्यक्रांतीच्या काळात, २३ ऑगस्ट १७९४ ला, तिथे कायदा झाला की जन्मनोंदीत जे नाव आहे त्याखेरीज दुसरं नाव कुणी धारण करायचं नाही. लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. नवऱ्याचं आडनाव ती वापरू शकते, पण ते वापरायचं, खरं नाव जन्माचंच. म्हणजे मुंबईत सूनी झालेली बाई फ्रान्सच्या दप्तरात शेवटपर्यंत सुझानच राहिली असणार. आणि आपल्याकडे तरी लग्नात नाव बदललंच पाहिजे असा कायदा कुठे आहे? नाही. ताटातल्या तांदळाचा आहे तेवढाच.

मी त्या बैठकीत स्पष्ट बोलले, आणि इथेही लिहिते, कारण काही जणांना ते लागलं असं कळलं. माझंही नाव बदललेलं आहे. माहेरचं नाव पाण्यातल्या फुलाचं होतं, ते इथे देत नाही, आत्या-मावश्यांना आठवेल. बी.ए.च्या सर्टिफिकेटवर तेच आहे, नोकरीच्या ऑर्डरवर दुसरं, आणि पेन्शनच्या वेळी दोघींची गाठ घालता घालता माझे सात महिने गेले. सासरी मला कुणी वाईट वागवलं नाही. नवं नावही चांगलंच आहे, पन्नास वर्षं त्याला ओ देते आहे. पण भाऊ होता तोवर तो जुन्या नावाने हाक मारायचा. तो गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. तेवढं एक वाटतं.

म्हणून माझं म्हणणं, सुझानला सुझानच राहू दे. अर्थच हवा असेल तर अर्थ कुमुद. आपल्या घरात दोन कुमुद होऊन गेल्या, तिसरी आली असं समजा. मूळ इजिप्तचं, वाढलं इराणात, देवतेच्या यादीत बसलेलं, बायबलात खोट्या पंचांना पुरून उरलेलं. एवढा प्रवास करून आलेल्या नावाला आपण काय नवीन देणार?

एक अडचण मात्र आहे. थोरल्या वन्सं ऐंशीच्या पुढे आहेत, कवळी आहे, 'झ' त्यांना जमत नाही. गेल्या आठवड्यापासून त्या सराव करताहेत आणि दर वेळी तोंडातून 'सुजाण' निघतं. आम्ही दुरुस्त करायचं सोडून दिलंय.